डोळ्याची भिंत

मराठीत चष्म्याला एक जुना शब्द आहे, चाळिशी. आता तो वयापुरता उरला असला तरी आमच्या आजोबांच्या पिढीत ‘माझी चाळिशी कुठे ठेवली?’ असे कुणी विचारले, की घरभर चष्म्याची शोधाशोध सुरू होई. मोल्सवर्थच्या कोशातही चाळिशीचा हा अर्थ नोंदलेला आहे. ‘चष्मा’ हा शब्द फारसीतला, त्या भाषेत ‘चश्म’ म्हणजे डोळा. मराठी माणसाने मात्र या वस्तूला वयाचे नाव दिले. चष्मा ही पोथी वाचणाऱ्या म्हाताऱ्याची, वहीवर वाकलेल्या कुळकर्ण्याची, दागिना घडवणाऱ्या सोनाराची गोष्ट. जवळचे दिसेनासे झाले की लावायची.

दहा वर्षांच्या पोराला फळ्यावरचे दिसत नाही, या तक्रारीला मात्र बोलीत स्वतःचा शब्द नाही. ‘ऱ्हस्वदृष्टी’ आणि ‘निकटदृष्टिता’ हे शब्द पुस्तकांनी घडवले. आमच्या हिंगोली जिल्ह्यात आई सांगते, ‘पोरीला लांबचं दिसत नाही,’ आणि चष्म्याचा दुकानदार सांगतो, ‘मायनसचा नंबर हाय.’ ज्या आजाराला बोलीने नाव ठेवले नाही, तो एकतर दुर्मीळ होता किंवा कुणाच्या लक्षात येत नव्हता. रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास हा माझा आवडीचा विषय. चष्म्याच्या मागे मी लागलो तो या शब्दामुळे. पुढे एका घरगुती कारणाने मूलपेशी आणि हायड्रोजेल इथवर यावे लागले. ते कारण यथावकाश सांगेन.

या विषयात मराठी संशोधकाने घालून दिलेली वाट आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी संस्कृत आणि मराठी साधनांतून वस्तूंचा इतिहास हुडकला. दिवाळीत आपण उडवतो त्या दारूकामाचा भारतातला इतिहास त्यांनीच लिहिला, आणि चष्म्याचाही. विजयनगरचे माध्व आचार्य व्यासतीर्थ यांच्या चरित्रात, सोमनाथ कवीच्या ‘व्यासयोगिचरिता’त, आचार्य डोळ्यांवर काच लावून ग्रंथ वाचत असल्याचा उल्लेख आहे. काळ साधारण १५२०. पोर्तुगीजांनी गोवा घेऊन तेव्हा दहाच वर्षे झाली होती. हा चष्माही वाचण्यासाठीच, म्हणजे चाळिशीच. जवळपास त्याच सुमारास, १५१८च्या आसपास, राफाएलने काढलेल्या पोप दहावा लिओच्या चित्रात पोपच्या हातात जे भिंग आहे ते अंतर्वक्र, मायनसचे. युरोपात दोन्ही प्रकारची काच हातात होती. आपल्याकडे आधी म्हाताऱ्यांची आली.

सुश्रुताने डोळ्यांचे ७६ आजार सांगितले, त्यात ऱ्हस्वदृष्टीही असणारच, असे काही वैद्यमंडळी मानतात. दोष दुसऱ्या पटलात शिरला की लांबचे जवळ आणि जवळचे लांब भासते, असे ‘तिमिरा’चे वर्णन आहे, त्यावर त्यांची भिस्त. मला ते ओढूनताणून वाटते. त्याच वर्णनात माशा, केस, जाळी दिसण्याच्या खुणा आहेत आणि पुढे तोच आजार आंधळेपणापर्यंत जातो. यात मोतीबिंदूही आहे, दृष्टिपटलाचे विकारही आहेत. लहानपणी सुरू होऊन विशीत थांबणारी, बाकी सगळे ठीक असलेली ऱ्हस्वदृष्टी त्यातून वेगळी काढता येत नाही.

आणि ती ठळकपणे नसावी याला एक आधुनिक पुरावा आहे, तोही महाराष्ट्रातला. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत तिशीच्या पुढच्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले. ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या नावाने ते काम जगभर उद्धृत होते. शेतावर राबणाऱ्या त्या माणसांच्या डोळ्याची लांबी, म्हणजे बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंतचे अंतर, सरासरी २२.६ मिलिमीटर भरली. एरवी प्रौढ डोळा साडेतेवीसच्या आसपास धरतात. वऱ्हाड-नागपूरच्या शेतकऱ्याचा डोळा आखूड, आणि आखूड डोळ्याला लांबचे दिसायला अडचण येत नाही.

डोळ्याची लांबी हा या सगळ्या कथेचा कणा आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो. केप्लरने १६०४ मध्ये दाखवले की प्रतिमा पडते ती डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर. ऱ्हस्वदृष्टीत ती पडद्याच्या अलीकडेच जुळते. अलीकडे का? भिंग जास्त ताकदवान म्हणून, की पडदा मागे सरकला म्हणून? अडीचशे वर्षे हा प्रश्न लोंबकळत राहिला. १८५०च्या दशकात फर्डिनांड फॉन आर्ल्ट या नेत्रवैद्याने मृत्यूनंतर काढलेले डोळे मोजले आणि सांगितले, डोळाच लांब झालेला असतो. लिंबाचा एडका, म्हणा ना. मागची पांढरी भिंत, म्हणजे स्क्लेरा किंवा श्वेतपटल, ताणली जाते आणि पातळ होते. एक मिलिमीटर लांबी वाढली की नंबर साधारण अडीच-तीनने वाढतो. हिशेब इतका साधा आहे.

आमच्याकडे माळवदाच्या घरांत मातीची भिंत बाहेरच्या अंगाला फुगली की ‘भिंतीला पोट सुटलं’ म्हणतात. मोठ्या नंबरच्या डोळ्याच्या मागच्या भिंतीलाही असेच पोट सुटते. नेत्रवैद्य त्याला ग्रीक नाव देतात, पण आमच्या गवंड्याला ते चित्र न सांगता कळेल. भिंत ताणली की तिला आतून चिकटलेले दृष्टिपटलही ताणले जाते, जागोजागी विरते, फाटते, कधी सुटून येते. मोठ्या ऱ्हस्वदृष्टीतले आंधळेपण यातून येते. काच बदलून, बुबुळावर लेसर मारून नंबर घालवता येतो. भिंत तशीच राहते. लेसरने चष्मा सुटलेली माणसे ‘डोळा बरा झाला’ समजून दृष्टिपटलाची तपासणी सोडून देतात, हा मला तरी या विषयातला सर्वांत धोकादायक गैरसमज वाटतो.

भिंत ताणली का जाते, याचा पहिला मोठा पुरावा शाळेतून आला. ब्रेस्लाऊ शहराच्या हेर्मान कोह्न या डॉक्टरने १८६७ मध्ये १०,०६० शाळकरी मुलांच्या तपासणीचे निष्कर्ष छापले. खेड्यातल्या शाळांत ऱ्हस्वदृष्टी शेकडा दीडेक मुलांना, आणि विद्यापीठाची वाट धरलेल्या जिम्नॅशियममध्ये शेकडा २६च्या आसपास. वर्ग जितका वरचा, तितके चष्मे अधिक. कोह्नने बाकांच्या उंचीपासून खिडक्यांच्या आकारापर्यंत सगळ्याला दोष दिला. त्यातला खिडक्यांचा मुद्दा त्याला वाटला त्याहून खरा निघाला.

कोह्नची ती शिडी मला आमच्या जिल्ह्यात अगदी स्पष्ट दिसते. हिंगोली ही निजामाच्या राज्यातली छावणी, १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटचा तळ. पुढे परभणी जिल्ह्यातला तालुका, आणि १ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा. निजामी अमलात इथे शिक्षणाची काय अवस्था होती ते मराठवाड्याच्या वाचकाला सांगायला नको. तीन पिढ्यांपूर्वी ज्या घरात कुणी शाळेत गेले नव्हते, त्या घरातली पोरे आज दहावीनंतर नांदेडला, लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहतात. सकाळी सहाला वर्ग, रात्री अकरापर्यंत अभ्यासिका, ट्यूबलाइटच्या उजेडात. ‘लातूर पॅटर्न’ने डॉक्टर किती घडवले याची गणती होते, चष्मे किती लागले याची होत नाही.

आता ते घरगुती कारण. माझ्या चुलतभावाची मुलगी अकरावीला असताना तिचा नंबर उणे ११ झाला. पाचवीपासून दर वर्षी वाढत होता. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकने भावाला सांगितले, की मुलीच्याच शरीरातल्या चरबीतून स्टेम सेल काढायच्या, जेलमध्ये मिसळायच्या आणि डोळ्यामागे टोचायच्या. भिंत मजबूत होईल, नंबर उतरेल. खर्च लाखांत, दोन हप्त्यांत. भावाने त्या वर्षीच्या हळदीचे पैसे बाजूला काढून ठेवले आणि मला विचारायला आला. मी शंका काढली तेव्हा तो म्हणाला, ‘दादा, हैदराबादला होतंच की हे! आपल्याकडच्या त्या पोराचा डोळा नाही का आला?’

तो मुलगा मलाही माहीत होता. तंबाखूसाठी ठेवलेली चुन्याची पुडी खेळताना फुटून त्याच्या एका डोळ्यात चुना गेला होता, बुबुळ पांढरे पडले होते, आणि हैदराबादला उपचार झाल्यावर त्याला पुन्हा दिसू लागले. भावाचा युक्तिवाद खोटा नव्हता. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव असल्याचा तो परिणाम होता. त्याला उत्तर द्यायचे तर आधी हैदराबादला काय झाले ते नीट सांगायला हवे.

१९५६ पर्यंत हैदराबाद ही आमची राजधानी होती. राजधानी गेली तरी औषधपाण्याची वाट सुटली नाही. जागतिक वैद्यकाच्या इतिहासात हे शहर आधीही आले आहे. १८८८-८९ मध्ये क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित यावर निजामाच्या पैशाने इथे दोन आयोग बसले होते. पण डोळ्यांच्या बाबतीत मोठी घटना घडली ती १९८७ मध्ये. डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी सुरू केलेल्या नेत्रसंस्थेला चित्रपट-निर्माते एल. व्ही. प्रसाद यांच्या कुटुंबाने जमीन आणि पैसा दिला, त्यांचेच नाव संस्थेला मिळाले. संस्थेने खेड्यातले आपले पहिले केंद्र १९९६ मध्ये काढले ते आदिलाबाद जिल्ह्यात मुधोळला, आमच्या नांदेडच्या सीमेला लागून. त्या केंद्राच्या नावात भोसले आहेत, यावरून तिथल्या बोलीची कल्पना यावी.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया, पारपटल. त्याचा वरचा थर सतत झिजतो आणि नवा येतो. नव्या पेशी पुरवणारी मूलपेशींची वस्ती बुबुळाच्या कडेला, पांढरे आणि काळे जिथे भेटते त्या वर्तुळात असते. चुना, ॲसिड, फटाक्याची दारू यांनी ती कड जळली की पुरवठा थांबतो आणि बुबुळावर शेजारची पांढरी, रक्तवाहिन्यांची साय चढते. अशा डोळ्यात नेत्रदानातले बुबुळ बसवूनही उपयोग होत नाही. शेत बदलले तरी बियाणे नाही. १९९७ मध्ये इटलीच्या ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी दोन रुग्णांच्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा कण घेऊन प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या आणि जळलेल्या डोळ्यावर लावल्या. दोघांचेही पारपटल सावरले. हैदराबादला डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून हेच सुरू केले. दहा वर्षांनी त्यांनी २०० रुग्णांचा अहवाल दिला, शेकडा ७१ डोळ्यांत यश.

पण प्रयोगशाळेत पेशी वाढवणे खर्चिक. २०१२ मध्ये सांगवान, सायन बसू आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती छापली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे, आणि बाळंतपणात मिळणाऱ्या गर्भवेष्टनाचा पापुद्रा जळक्या डोळ्यावर अंथरून त्यावर ते कण रोपासारखे चिकटवायचे. प्रयोगशाळा लागत नाही, सगळे एकाच शस्त्रक्रियेत. २०१६ मध्ये १२५ रुग्णांचा अहवाल आला, शेकडा ७६ यशस्वी. ही पद्धत आता जगभर वापरतात. धानाची रोपणी पाहिलेल्या माणसालाच हे सुचावे, असे मला उगीच वाटते.

म्हणजे डोळ्यात मूलपेशींनी काम केल्याचा दाखला खरा आहे, आणि आपल्या उंबऱ्यापाशीच आहे. मात्र हे काम पारपटलावर झाले. तिथे एकच थर हरवला होता, त्याच थराच्या पेशी दुसऱ्या डोळ्यात उपलब्ध होत्या, आणि लावलेली जागा उघड्या डोळ्यांनी पाहता येत होती. ऱ्हस्वदृष्टीत यातले काहीच नाही. भिंत मागच्या बाजूला, हाडाच्या खोबणीत. ती जळलेली नाही, सैल झालेली आहे. आणि दोन्ही डोळे सारखेच सैल.

भिंतीला टेकू देण्याची कल्पना मूलपेशींच्या फार आधीची आहे. १८८९च्या सुमारास विन्सेंझ फुकाला मोठ्या नंबरच्या डोळ्यातले निरोगी भिंगच काढून टाकत असे. नंबर उतरे, भिंत तशीच. १९०३ मध्ये लेओपोल्ड म्युलरने भिंतीचा एक पट्टाच कापून डोळा आखूड करण्याची शस्त्रक्रिया सांगितली. १९३० मध्ये रशियात शेवेलेव्हने मांडीवरच्या चिवट आवरणाची पट्टी डोळ्यामागून फिरवून आधार देता येईल असे मांडले. १९७२ मध्ये अमेरिकेत स्नायडर आणि थॉम्पसन यांनी त्या पट्टीची रीत सुटसुटीत केली, आणि मृत दात्याच्या श्वेतपटलाची पट्टी बांधण्याचे काम रशिया-चीनमध्ये पुढे चालू राहिले. मॉस्कोच्या हेल्महोल्ट्झ संस्थेत एदुआर्द अवेतिसोव्ह यांनी आणखी एक वाट काढली. डोळ्यामागे द्रव बहुवारिक टोचायचे, ते आत फेसाळ जेल होऊन बसते, त्याभोवती शरीर आपले तंतू विणते, भिंत जाड होते. काही वर्षे नंबर स्थिर राहिल्याचे त्यांनी नोंदवले. ही पद्धत रशियाबाहेर फारशी रुजली नाही. तरी आज ज्याला नवे म्हणून विकले जाते ते मूळ स्वरूपात तिथे होते.

इथे जेलची गोष्ट सांगायला हवी, कारण ती सुंदर आहे. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ऑट्टो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी १९६० मध्ये ‘नेचर’मध्ये पाणी शोषणाऱ्या जेलवर एक छोटा लेख लिहिला. सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याभोवती जो लिबलिबीत थर येतो, तशी ही जात: पाणी धरून ठेवणारे, मऊ, शरीराला न टोचणारे. त्यापासून डोळ्यात घालायची मऊ भिंगे करायची होती, पण साच्यात ती फाटत. संस्थेने काम बंद केले. १९६१च्या नाताळात विख्टर्ले यांनी घरच्या स्वयंपाकघरात मुलाच्या खेळण्यातल्या धातूच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनामो जोडून यंत्र केले, साचा गरगर फिरवला आणि पहिली चार भिंगे काढली. पुढे हक्क अमेरिकेत विकले गेले, १९७१ मध्ये तिथे परवानगी मिळाली, आणि सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सचा धंदा उभा राहिला. विख्टर्ले यांच्या हाती त्यातले फार थोडे आले.

हीच जेल-जात पुढे डोळ्याच्या भिंतीवरही बसवली गेली, आणि तो अध्याय क्लिनिकवाले कधीच सांगत नाहीत. दृष्टिपटल सुटून आले की भिंतीला बाहेरून दाब देण्यासाठी एक पट्टी शिवतात. १९८०च्या दशकात त्यासाठी ‘मिराजेल’ नावाची हायड्रोजेलची पट्टी आली. मऊ, टोचत नाही, प्रतिजैविके शोषून ठेवते, म्हणून डॉक्टर खूश. दहा-पंधरा वर्षांनी रुग्ण परत येऊ लागले. जेल हळूहळू पाणी पीत फुगत होते. कुणाला एकाचे दोन दिसू लागले, कुणाच्या पापणीखाली गोळा आला, कुणाचा डोळा हलेनासा झाला. काढायला गेले तर चिमट्यात त्याचा भुगा होई. १९९०च्या दशकाच्या मध्याला ती पट्टी बाजारातून गेली, पण तिचे रुग्ण नंतरही कित्येक वर्षे येत राहिले. पट्टी निर्दोष ठरवणाऱ्यांनी पाच वर्षे पाहिले होते, जेलने पंधरा वर्षे घेतली.

आजचे हायड्रोजेल मिराजेलपेक्षा कितीतरी शहाणे आहे हे खरे. आजचे जेल विरघळते, शरीराचे तंतू आत शिरू देते. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या क्रिस्टीन वाइल्डसोएट आणि केव्हिन हीली यांच्या गटाने २०१० मध्ये गिनीपिगच्या डोळ्यामागे असे जेल टोचून पाहिले. दुसरी एक वाट म्हणजे भिंतीतल्या तंतूंना रसायनाने किंवा प्रकाशाने एकमेकांशी घट्ट जोडणे. ग्रेगोर वोलेन्झाक यांनी सशांवर ती आजमावली, तेव्हा सुरुवातीच्या प्रयोगात भिंत ताठ झाली पण आतले दृष्टिपटल होरपळले. मूलपेशींबाबत बोलायचे तर २०११ मध्ये उंदराच्या श्वेतपटलात मूलपेशींसारख्या पेशी सापडल्या. २०१५ मध्ये यानोव्स्की, बुल्टे आणि सहकाऱ्यांनी मूलपेशी टोचून ऱ्हस्वदृष्टी रोखता येईल का, यावर विस्ताराने लिहिले. त्या लेखाच्या शीर्षकातच ‘एक संकल्पना’ असा शब्द आहे. विचार असा की नुसत्या पेशी टोचल्या तर त्या वाहून जातात किंवा मरतात. जेलच्या गादीवर ठेवल्या तर जागी राहतील आणि नवे कोलॅजन विणतील. हैदराबादलाच २०२२ मध्ये याच दोन गोष्टी एकत्र आल्या. नेत्रसंस्था, आयआयटी आणि सीसीएमबी यांनी मानवी पारपटलापासून केलेले जेल आणि मूलपेशी वापरून पारपटल छापले आणि सशाच्या डोळ्यात बसवले. पुन्हा पारपटलच, आणि ससाच.

एक अडचण याहून खोल आहे. १९७७ मध्ये टॉर्स्टन वीझेल आणि एलिओ राव्हिओला यांना दिसले की पापणी शिवून ठेवलेल्या माकडाच्या पिलाचा डोळा लांब वाढतो. पुढे कोंबडीच्या पिलांना चष्मे लावून फ्रँक शेफेल आणि इतरांनी दाखवले की दृष्टिपटल अस्पष्ट चित्र पाहून भिंतीला ‘वाढ’ असा निरोप धाडते, आणि भिंत आपले तंतू विरघळवून सैल होते. भिंत बिचारी हुकुमाची ताबेदार. आतून हुकूम येत असताना बाहेरून लिंपण करायचे, तर दर पावसाळ्याला करत राहावे लागेल. शिवाय एकदा लांबलेला डोळा आखूड करण्याचा दावा तर जबाबदार संशोधकांपैकी कुणीच करत नाही. वाढ थांबवणे एवढेच त्यांचे लक्ष्य आहे. ‘नंबर उतरेल’ हे वाक्य ऐकले की माणसाने उठून यावे.

भावाला मी आणखी एक गोष्ट सांगितली. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्लोरिडातल्या तीन स्त्रियांची हकीकत आली. म्हातारपणी होणाऱ्या दृष्टिपटलाच्या आजारासाठी त्यांनी एका क्लिनिकमध्ये स्वतःच्या चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या. प्रत्येकीने पाच हजार डॉलर भरले. तिघींचीही नजर जवळजवळ गेली. आपल्याकडे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: रक्ताच्या आजारांवरील अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे सिद्ध उपचार सोडले, तर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा. आणि चाचणीत सामील होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. भावाला शेवटची गोष्ट चटकन पटली. बाजारसमितीत हळद विकणाऱ्या माणसाला, कोण कुणाला पैसे देतो यावरून सौदा ओळखता येतो.

मुलीला तो दृष्टिपटलाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. बाहुली मोठी करून तपासल्यावर उजव्या डोळ्याच्या कडेला पातळ जागा आणि एक बारीक छिद्र सापडले. लेसरने त्याभोवती शिवण घातली. खर्च हप्ते पाडण्याइतका नव्हता. पातळ जागा आहेच. दर सहा महिन्यांनी जावे लागते. डोळ्यासमोर अचानक ठिणग्या चमकल्या किंवा काळे ठिपके वाढले तर त्याच दिवशी निघायचे, हे तिला आणि तिच्या खोलीतल्या मैत्रिणींना सांगून ठेवले आहे.

ज्यांची भिंत अजून ताणायची आहे, त्या लहान मुलांसाठी आजघडीला हातात असलेले औषध पाहून मात्र मी चकित झालो. ते ॲट्रोपिन, म्हणजे धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतींतले अल्कलॉइड. औंढ्या नागनाथाला वाहतात तो धोतरा आमच्या उकिरड्यांवर माजलेला असतो. प्रवाशांना धोतरा चारून लुटणाऱ्या टोळ्यांची वर्णने ठगीच्या दप्तरांत आहेत. आमची हिंगोलीही त्या दप्तरांत आहे, पण हरिसिंग नावाच्या फासीगारासाठी. तो या छावणीच्या बाजारात कापडाचा प्रतिष्ठित व्यापारी म्हणून राहत होता, असे मेडोज टेलरने लिहिले आहे. असो. सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये ४०० मुलांवर एक टक्का ॲट्रोपिनचे थेंब वापरून ऱ्हस्वदृष्टीची वाढ रोखून दाखवली. पण बाहुली फाकून उजेड सोसेना, आणि थेंब थांबवल्यावर नंबर उसळला. मग २०१२ मध्ये शंभरपट सौम्य थेंब आले. दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. रोहित सक्सेना आणि सहकाऱ्यांनी भारतीय मुलांवर तेच करून पाहिले. वर्षभरात नंबर कमी वाढला, डोळ्याच्या लांबीतला फरक मात्र खात्रीने सांगण्याएवढा निघाला नाही. हाँगकाँगच्या चाचणीत त्याहून थोडे तीव्र थेंब सरस ठरले. हे थेंब डॉक्टरांच्या देखरेखीखालचे. कुणी धोतऱ्याचे पान चुरगळून डोळ्याला लावू नये, त्याने विषबाधा होते. हे लिहिण्याची वेळ यावी असे गाव मला माहीत आहे.

आणि उजेड. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत रोज चाळीस मिनिटे जादा मैदानावर घालवणाऱ्या पहिलीच्या मुलांत तीन वर्षांत शेकडा ३०.४ जणांना ऱ्हस्वदृष्टी झाली. न घालवणाऱ्यांत ३९.५. कोह्नच्या खिडक्यांचा मुद्दा दीडशे वर्षांनी असा परत आला. हैदराबादच्या संस्थेने महबूबनगरच्या खेड्यांत सात ते पंधरा वर्षांच्या मुलांची तपासणी केली, तिचे आकडे २००२ मध्ये आले: शेकडा ४.१. त्याच सुमारास दिल्ली शहरात ७.४. आमच्या जिल्ह्याचा वेगळा आकडा छापलेला मला मिळालेला नाही, महबूबनगर हाच त्यातल्या त्यात जवळचा नातेवाईक.

तो आकडा काढायचा तर शाळेतच काढावा लागेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, त्याचे पथक आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही येते. मुलांची नजर पाहायला त्यांच्याजवळ असतो तो हेर्मान स्नेलेनने १८६२ मध्ये तयार केलेल्या तक्त्याचाच वंशज. तो सहा मीटरवरून वाचायचा. गेल्या वर्षी मी पाहिले त्या शाळेत वर्गखोली सहा मीटर भरेना, म्हणून तक्ता व्हरांड्याच्या टोकाला खिळ्याला अडकवला होता. तिसरीतली एक मुलगी चौथ्या ओळीला अडखळली. नर्सबाईंनी तिला दोन पावले पुढे यायला सांगितले, तिथून तिने सगळे घडाघडा वाचले, आणि बाई वहीत तिचे नाव लिहू लागल्या.